अ‍ॅपने तारीख सांगू नये

लागोपाठच्या सहा पाळ्यांमधली अंतरं अशी धरू: 31, 44, 36, 58, 39 आणि 50 दिवस. पीसीओएस (संप्रेरकांचा तोल बिघडून पाळी अनियमित करणारा बीजांडकोशाचा विकार) असलेल्या पंचविशीतल्या मुलीच्या बाबतीत हे आकडे काही जगावेगळे नाहीत. साधं कॅलेंडर-अ‍ॅप यांची बेरीज करतं (258), सहाने भागतं आणि सांगतं, पुढची पाळी 43व्या दिवशी. या सहांपैकी एकही पाळी 43व्या दिवशी आलेली नाही. सगळ्यात आधीची आणि सगळ्यात उशिराची यांत 27 दिवसांचा फरक आहे. तरी पडद्यावर एक तारीख ठळक गुलाबी होते, आणि ती उलटली की 'पाळी 5 दिवस उशिरा', 'पाळी 6 दिवस उशिरा' असा मोजदादीचा धोशा सुरू होतो. 58 दिवसांची पाळी आली त्या खेपेला हा धोशा पंधरा दिवस चालला असता.

गणित इथेच थांबत नाही. स्त्रीबीज सुटल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ बऱ्यापैकी ठरलेला असतो, साधारण दोन आठवडे. कमीजास्त होतो तो स्त्रीबीज सुटण्याआधीचा काळ. त्यामुळे अ‍ॅप 43 मधून 14 वजा करून 29व्या दिवशी स्त्रीबीज सुटेल असं मानतं आणि 24 ते 29 हे दिवस गर्भधारणेचे म्हणून रंगवतं. आता समजा या खेपेला पाळी 31व्या दिवशी येणार आहे. म्हणजे स्त्रीबीज 17व्या दिवसाच्या आसपास सुटणार आणि दिवस राहण्याची शक्यता 12 ते 17 या काळात सर्वात जास्त. अ‍ॅपवर नेमके तेच दिवस कोरे, म्हणजे वापरणारीच्या लेखी 'सुरक्षित'. मूल नको असलेलीची फसगत होते आणि हवं असलेलीचा महिना वाया जातो. तारखा मोजून संबंध टाळायची जी पद्धत अभ्यासातून बसवली गेली आहे, तीसुद्धा फक्त 26 ते 32 दिवसांच्या चक्राला लागू होते. वरच्या सहांपैकी एकच आकडा तिच्यात बसतो.

म्हणून माझं म्हणणं असं की, ज्या बाईच्या पाळ्यांमधलं अंतर दर वेळी आठवड्याहून जास्त हलतं, तिला अ‍ॅपने पुढची तारीख दाखवूच नये. भाकिताचं बटण मुळात बंद असावं; हवंच असेल तर '31 ते 58 दिवसांत कधीही' असा पट्टा दाखवावा. अ‍ॅप फेकून द्या असं मी म्हणत नाही. अनियमित पाळीत अ‍ॅपचा खरा उपयोग मागचं नीट लिहून ठेवण्यात आहे. पण नोंदीसाठी महिन्यातून चार-पाच वेळाच अ‍ॅप उघडावं लागतं आणि भाकितासाठी रोज, हे कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे.

मोठ्या कंपन्यांची गणितं सरासरीपेक्षा बरीच गुंतागुंतीची असतात, हे खरं. पण कच्चा माल तोच, मागच्या तारखा. आणि पीसीओएसमध्ये अडचण गणिताची नसते. बीजकोश, म्हणजे स्त्रीबीज ज्यांत पिकतं त्या बारीक पिशव्या, वाढायला लागतात आणि अर्ध्यात थबकतात. अनेकदा स्त्रीबीज सुटतच नाही, त्यामुळे दोन आठवड्यांची उलटी मोजणी सुरू होत नाही. गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं आणि कधीतरी आपोआप सुटं होऊन अंगावरून जातं. ते कधी होईल हे मागच्या सहा तारखांत दडलेलं नसतं, मग यंत्र कितीही हुशार असो. अंदाज बांधायला थोडा आधार मिळतो तो तापमानाचा. सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच घेतलेलं तापमान स्त्रीबीज सुटल्यानंतर 0.2 ते 0.5 अंश सेल्सिअसने चढतं आणि चढलेलं राहतं. सलग तीन दिवस ते चढलेलं दिसलं तर पाळी दीड-दोन आठवड्यांत येईल असं म्हणता येतं. त्याआधी मात्र काहीच म्हणता येत नाही. लघवीवर करायच्या ओव्ह्युलेशनच्या पट्ट्या इथे दगा देतात, कारण त्या एलएच हे स्त्रीबीज सुटण्याआधी वाढणारं संप्रेरक ओळखतात, आणि पीसीओएसमध्ये ते मुळातच वाढलेलं असू शकतं. पट्टी पुनःपुन्हा 'हो' म्हणते आणि स्त्रीबीजाचा पत्ता नसतो.

मागे बघून सांगणं वेगळं. अ‍ॅपलने 2022 साली आपल्या आरोग्य-अ‍ॅपमध्ये अशी सूचना आणली. मागच्या सहा महिन्यांच्या नोंदींवरून ते सांगतं की पाळी अनियमित आहे, फार विरळ आहे, रक्तस्राव लांबतो आहे किंवा सतत डाग पडत आहेत. यात भविष्य नाही. 'हे डॉक्टरांना दाखवा' एवढंच आहे, आणि ते पुरेसं आहे.

नोंद कशी बिघडते तेही पाहू. पहिली चूक राहून गेलेल्या नोंदीची. जिची पाळी 29 ते 31 दिवसांनी अगदी नियमित येते ती एका महिन्यात लिहायला विसरली, तर अ‍ॅपला दोन चक्रांचं मिळून 61 दिवसांचं एकच चक्र दिसतं, सरासरी 36 वर जाते आणि धडधाकट बाई 'अनियमित' ठरते. दुसरी चूक उलटी. मधेच दोन दिवस तपकिरी डाग पडले आणि ते 'पाळी सुरू' म्हणून टिपले, की 50 दिवसांचं एक चक्र 18 आणि 32 असं चिरलं जातं आणि खरा प्रश्न झाकला जातो. पॅड लागण्याइतकं अंगावरून गेलं तो पहिला दिवस, बाकीचे डाग. हा नियम एकदा ठरवून पाळायचा.

रक्तस्राव किती, याला बहुतेक अ‍ॅपमध्ये तीन थेंबांची चित्रं असतात: कमी, मध्यम, जास्त. याचा उपयोग शून्य. जिला वयात आल्यापासून दोन तासांत पॅड भरायची सवय आहे तिच्या लेखी तेच 'मध्यम'. स्त्रीरोगतज्ज्ञ वापरतात तो चित्रतक्ता 1990 सालापासून आहे आणि कोणत्याही अ‍ॅपच्या टिपणाच्या चौकटीत लिहिता येतो. जेमतेम डागलेल्या पॅडला 1 गुण, अर्धवट भरलेल्याला 5, पूर्ण भिजलेल्याला 20. लहान गाठीला 1, मोठीला 5. पूर्ण पाळीची बेरीज 100 च्या वर गेली तर रक्तस्राव जास्त आहे असं धरून हिमोग्लोबिन तपासायचं. हल्लीचे पॅड जास्त शोषतात, म्हणून आकडा थोडा इकडेतिकडे होईल; पण तीन थेंबांपेक्षा हा तक्ता कितीतरी बरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. अशा राज्यात किती पॅड भिजले हा प्रश्न चैनीचा नाही.

हे कागदावरही जमतं. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात सुरुवातीची खूण, शेवटची खूण आणि पॅडचा आकडा लिहिला तरी डॉक्टरांचं काम होतं. कालनिर्णय पाळीचं भाकीत करत नाही, हा तर त्याचा गुणच. आणि ज्यांना नोंदीची सर्वात जास्त गरज आहे त्यांतल्या कितीजणींच्या हातात स्वतःचा फोन असतो? राज्य सरकारच्या समितीने 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी केली, त्यांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यामागे मजुरीची आणि गरिबीची कारणं होती, अ‍ॅपने ती हलली नसती. पण 'अंगावरून फार जातं' एवढ्या तोंडी वाक्यावर कुणाचंही गर्भाशय काढलं जाऊ नये, एवढं म्हणायला तिथे लेखी पुरावा हवा होता.

आता आपल्याकडची खास गोष्ट. गणपती, हरितालिका, मंगळागौर, घरचं लग्न आलं की पाळी लांबवण्याच्या गोळ्या घेतल्या जातात. पाळी आली तर काय बिघडतं, हा वाद इथे नको. या गोळीत नॉरएथिस्टेरॉन असतं; 5 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन वेळा, पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून, आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी, असा तिचा रिवाज. अनियमित पाळीत प्रश्न पडतो की 'अपेक्षित तारीख' कुठली? वरच्या उदाहरणातली मुलगी अ‍ॅपवर विसंबून 40व्या दिवशी गोळी सुरू करेल आणि पाळी 31व्या दिवशीच येऊन गेलेली असेल. किंवा ती 43व्या दिवशी यायची नसेलच आणि गोळ्या उगाच घेतल्या जातील. किंवा, आणि हे सर्वात वाईट, 'उशीर' गर्भ राहिल्यामुळे झालेला असेल. म्हणून आधी लघवीची तपासणी, मग डॉक्टरांना विचारून गोळी. पायाच्या शिरेत कधी गुठळी झाली असेल तर ही गोळी नाहीच.

गोळी बंद केल्यावर येतो त्या रक्तस्रावाला अ‍ॅप नेहमीची पाळी समजतं. 'पाळी आणण्यासाठी' दिलेल्या गोळ्यांचंही तेच. गर्भनिरोधक गोळ्यांत तर गंमतच होते. 21 दिवस गोळी आणि 7 दिवस सुटी या वेळापत्रकाने दर 28 दिवसांनी रक्तस्राव होतो, तो स्त्रीबीज सुटून आलेला नसतो, पण अ‍ॅप 'तुमची पाळी आता नियमित झाली!' म्हणून अभिनंदन करतं. सहा महिन्यांनी गोळी थांबते, पाळी पुन्हा 50 दिवसांवर जाते, आणि बाईला वाटतं की औषधाने बिघडलं. गोळी घेतली त्या दिवशी गोळीचं नाव, शेवटच्या गोळीची तारीख आणि 'हा रक्तस्राव गोळीनंतरचा' असं लिहिलं की हा घोळ होत नाही. तातडीची गर्भनिरोधक गोळीसुद्धा पाळी पुढे-मागे ढकलते, तीही टिपायची.

जीवनशैलीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या योजनांकडे येऊ, कारण पैसा तिथे आहे. पीसीओएसबद्दलची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं 2023 साली सुधारली गेली. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की कोणताही एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही, व्यायामाचाही कोणताच प्रकार नाही. प्रौढांना आठवड्याला मध्यम दमाचा 150 ते 300 मिनिटं किंवा जोरकस 75 ते 150 मिनिटं व्यायाम, आणि त्यात एकमेकांना लागून नसलेल्या दोन दिवशी स्नायूंना ताण देणारा व्यायाम. वजन जास्त असेल तर 5 ते 10 टक्के उतरल्यावर अनेकींत स्त्रीबीज पुन्हा सुटू लागतं. 72 किलोच्या बाईसाठी म्हणजे साडेतीन ते सात किलो. हा सल्ला फुकट मिळतो. अ‍ॅप त्यावर 'हार्मोन स्कोअर' चढवतं आणि तीन महिन्यांची वर्गणी मागतं. हा स्कोअर रक्त न तपासता कसा निघतो, ते त्या कंपनीलाच माहीत.

बियांच्या फेऱ्याचं उदाहरण पाहा. पाळीच्या पहिल्या 14 दिवसांत जवस आणि भोपळ्याच्या बिया, पुढच्या 14 दिवसांत तीळ आणि सूर्यफुलाच्या बिया, अशी ती योजना. 28 दिवसांचं घड्याळ गृहीत धरून बेतलेला उपाय जिचं घड्याळ चालत नाही तिला विकायचा! 50 दिवसांच्या चक्रात दुसरा टप्पा कधी सुरू करायचा, याला उत्तर नाही. जवसाची चटणी खायला कुणाचीच हरकत नाही. ती भाकरीबरोबर चांगली लागते. फक्त तिने पाळी ताळ्यावर येते याला भरवशाचा पुरावा नाही. त्यापेक्षा चहाचा हिशेब करावा: चार कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे दिवसाला 32 ते 40 ग्रॅम साखर. आठवड्यातून दोन उपवास आणि दोन्ही दिवशी साबुदाणा असेल तर तो जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, हेही लिहून ठेवावं.

यात खरा धोका दुसरीकडे आहे. पाळी 50-60 दिवसांवर जाण्याची दोन कारणं कागदावर हुबेहूब सारखी दिसतात. एक पीसीओएस. दुसरं म्हणजे शरीराला लागतं त्यापेक्षा कमी खाणं किंवा झेपत नाही इतका व्यायाम, ज्यात मेंदूच बीजांडकोशाला संदेश पाठवणं थांबवतो. पहिलीला बहुधा खाणं आवरायला सांगतात, दुसरीला वाढवायला. अ‍ॅपला दिसतात फक्त तारखा, त्यामुळे ते दोघींनाही 1200 कॅलरींचा तक्ता देऊ शकतं. सडपातळ, धावणारी, दोन घास कमी खाणारी मुलगी तो तक्ता इमानेइतबारे पाळते, पाळी आणखी लांबते आणि अ‍ॅप तिला आणखी शिस्त शिकवतं. थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं संप्रेरक) ही कारणं तर रक्त तपासल्याशिवाय कळतच नाहीत. निदान न करता उपचार विकणं, याला दुसरं नाव नाही.

कायदा याबाबत मुका नाही. औषधे आणि जादूटोणा उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा 1954 चा आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात स्त्रियांच्या पाळीतला बिघाड दुरुस्त करणाऱ्या औषधाची जाहिरात नावानिशी मना केलेली आहे. अ‍ॅपच्या दुकानातल्या भुकट्या आणि चहा मात्र 'औषध' नसतात, त्यांवर अन्नाचा परवाना असतो. शिवाय केंद्र सरकारच्या फेब्रुवारी 2020 च्या अधिसूचनेनुसार आजाराचं निदान, देखरेख, उपचार किंवा गर्भनिरोध यांसाठी बनवलेलं सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणात मोडतं. यातून सुटायला कंपन्या अटींच्या पानावर 'केवळ माहितीसाठी' असं लिहितात आणि जाहिरातीत 'पीसीओएसवर मात' म्हणतात. माझ्या मते नियामकाने जाहिरातीतलं वाक्य धरावं, अटींच्या पानावरचं नाही. गर्भनिरोधाचं अ‍ॅप तपासता येतं हे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्येच दाखवलं. रोजच्या तापमानावर चालणाऱ्या 'नॅचरल सायकल्स'ला त्यांनी वैद्यकीय उपकरण म्हणून, पुरावा मागून, वाट दिली. आपल्याकडे तेवढंच करायचं आहे.

माहितीच्या गोपनीयतेबद्दल बरंच बोललं गेलं आहे, म्हणून थोडक्यात. 'फ्लो' या अ‍ॅपने खासगीपणाचं आश्वासन देऊनही वापरणाऱ्यांची माहिती फेसबुक, गूगल यांसारख्यांना पुरवली, असा अमेरिकेच्या व्यापार आयोगाचा आरोप होता. 2021 मध्ये तडजोड झाली. बंगळुरूच्या कंपनीचं 'माया' अ‍ॅप उघडताक्षणी फेसबुकला माहिती देत होतं, असं प्रायव्हसी इंटरनॅशनल या संस्थेने 2019 मध्ये दाखवलं. नंतर कंपनीने तो भाग काढला. भारतात 2011 च्या नियमांत आरोग्याची माहिती 'संवेदनशील' या वेगळ्या गटात होती. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात असा वेगळा गटच नाही. ही मागे जाणारी पायरी आहे. त्याच कायद्यात एक गोष्ट मात्र चांगली आहे. 18 वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागते, आणि त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायला किंवा हेरून जाहिरात करायला बंदी आहे. चौदा वर्षांच्या मुलीला 'तुला पीसीओएस आहे का? दहा प्रश्नांत ओळख' असं विचारणाऱ्या अ‍ॅपवर हे कलम वापरलं गेलं पाहिजे. कारण पाळी सुरू झाल्यावर पहिलं वर्ष ती अनियमित असणं स्वाभाविकच आहे. त्यापुढची दोन वर्षं 21 ते 45 दिवसांपर्यंत चालतं, आणि किशोरवयात पीसीओएसच्या निदानासाठी सोनोग्राफी करू नये असं तीच 2023 ची तत्त्वं सांगतात.

तोवर स्वतःपुरतं करायचं ते सोपं आहे. माहिती फोनमध्येच ठेवणारं अ‍ॅप निवडावं (उघड्या स्रोताचं 'ड्रिप' असं आहे), ईमेल आणि फोन नंबर देऊ नये, सूचना बंद ठेवाव्यात, म्हणजे घरात फिरणाऱ्या फोनच्या पडद्यावर 'पाळी उशिरा' झळकत नाही. अ‍ॅप काढून टाकलं म्हणून कंपनीकडची माहिती पुसली जात नाही, आधी आतून खातं मिटवावं लागतं.

डॉक्टरांकडे कधी जायचं, याला अ‍ॅपची परवानगी लागत नाही. पाळी सुरू होऊन तीन वर्षं उलटल्यावर अंतर 21 दिवसांपेक्षा कमी किंवा 35 पेक्षा जास्त राहत असेल, वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या येत असतील, किंवा एकदाही 90 दिवस उलटले असतील, तर जायचं. 90 चा आकडा महत्त्वाचा, कारण अस्तर तीन-तीन महिने न सुटता वाढत राहणं गर्भाशयाला घातक ठरू शकतं. तासाला एक पॅड असं सलग दोन-तीन तास भिजत असेल तर त्याच दिवशी जायचं. बरोबर फोन नको, एक पान न्यावं. त्यावर मागच्या वर्षातल्या पाळ्यांच्या पहिल्या दिवसांच्या तारखा, प्रत्येक पाळी किती दिवस, पॅडचे गुण, घेतलेल्या गोळ्या आणि सहा महिन्यांतला वजनाचा फरक. एवढं असलं की पुढच्या तपासण्या, म्हणजे गर्भाची, टीएसएच (थायरॉईडची), प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन आणि 75 ग्रॅम ग्लुकोज देऊन साखरेची, कुठल्या आधी करायच्या ते ठरवता येतं. नुसत्या सोनोग्राफीवरून कुणी 'पीसीओडी' (पीसीओएसचंच रूढ नाव) म्हटलं तर बाकीचे दोन निकष विचारावेत: पाळीची अनियमितता आणि पुरुषी संप्रेरकांची वाढ. तिन्हींपैकी दोन लागतात.

आणि दिवस गेलेच, तर अ‍ॅप लगेच गरोदरपणाच्या रंगात जातं आणि शेवटच्या पाळीपासून आठवडे मोजायला लागतं. ती मोजणी 28 दिवसांच्या चक्रावर बेतलेली असते. 58 दिवसांचं चक्र असेल तर स्त्रीबीज 44व्या दिवशी सुटलेलं असतं, म्हणजे अ‍ॅप चार आठवडे पुढे धावतं. प्रसूतीची तारीख चुकते. गर्भपाताचा निर्णय घ्यायचा असेल तर 2021 च्या दुरुस्तीतल्या 20 आणि 24 आठवड्यांच्या मर्यादाही चुकीच्या जागी दिसतात. पहिल्या भेटीतच 'माझी पाळी अनियमित होती' असं सांगून 14 आठवड्यांच्या आत सोनोग्राफीने गर्भाची लांबी मोजून घ्यायची, आणि दवाखान्याच्या कागदांवर तीच तारीख घालायला सांगायची.